आजोळी ठेवलेली कार सीट : दिवाळी ते महालक्ष्म्या, दहा महिन्यांचा अनुभव

ही सीट परभणीला, आजोळी ठेवलेली असते. लेकरू पुण्याहून रेल्वेने येतं, त्यामुळे सीटचं काम स्टेशनबाहेर सुरू होतं आणि परतीच्या गाडीपर्यंत चालतं. दिवाळी, संक्रांत, उन्हाळ्याची सुट्टी आणि महालक्ष्म्या अशा चार फेऱ्या झाल्या, सगळे मिळून तीसेक दिवस. गाड्या दोन : आजोबांची छोटी हॅचबॅक आणि मामाची सात आसनी. सीट ०+/१ गटातली, म्हणजे जन्मापासून १८ किलोपर्यंतची, आयसोफिक्स (गाडीतल्या पक्क्या लोखंडी कड्यांना सीट थेट अडकवायची सोय) नसलेली, गाडीच्या बेल्टने बसणारी. वजन ६.५ किलो, किंमत ५,५०० रुपये. पाठीमागे नारिंगी लेबल आहे. त्यावर वर्तुळातला ई आणि ०४ ने सुरू होणारा मंजुरी क्रमांक. हे युरोपच्या आर-४४ नियमाचं चिन्ह; त्याच्या जागी आता आर-१२९ आला आहे. भारताचं मानक एआयएस-०७२. यांपैकी एकही खूण नसेल तर ती सीट घेऊ नये, गादी कितीही मऊ असो.

सीट बरी आहे. अडचणी आल्या त्यातल्या बहुतेक ती अधूनमधून वापरल्यामुळे आल्या. रोजच्या गाडीतली सीट एकदा नीट बसवली की महिनोन्‌महिने जागची हलत नाही. आजोळची सीट दर फेरीला माळ्यावरून निघते, नव्याने बसते, कधी एकाच दिवसात दोन गाड्यांत फिरते, आणि बसवणारा माणूसही दरवेळी वेगळा. म्हणून निवडताना सगळ्यात भारी सीट कोणती यापेक्षा आजोबांना पाच मिनिटांत बरोबर बसवता येईल अशी कोणती, हे आधी बघावं.

घरून सीट सोबत न्यावी का, हाही प्रश्न असतो. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांनी खुशाल न्यावी. रेल्वेत किंवा एसटीत बॅगा, लेकरू आणि हे धूड एकत्र चढवणं अवघड, आणि सामानात आदळआपट झालेल्या सीटला आतून तडा गेलाय का ते बाहेरून दिसत नाही. ऑनलाइन दीड-दोन हजारांत घडी घालून पिशवीत मावणाऱ्या कापडी ‘पोर्टेबल सीट’ मिळतात. त्यांना कडक प्लास्टिकचं कवच नसतं, बहुतेकांवर मंजुरीचं लेबलही नसतं. लेकरू जागेवर बसून राहतं एवढाच त्यांचा उपयोग. कोणाची जुनी सीट फुकट मिळत असेल तर ती अपघातातली नाही याची खात्री देणारा माणूस ओळखीचा हवा, आणि तळाशी प्लास्टिकमध्ये कोरलेली उत्पादनाची तारीख बघावी. बहुतेक कंपन्या सहा ते दहा वर्षांची मुदत देतात.

विकत घेण्याआधी अर्धा तास आजोळच्या गाडीला द्यावा. हे काम फोनवर सांगून होत नाही. मागच्या बाजूच्या दोन्ही जागांना खांद्यावरून येणारा तीन बिंदूंचा बेल्ट आहे का बघा. मधल्या जागेला बऱ्याच जुन्या गाड्यांत फक्त कमरेचा असतो आणि त्याने ही सीट बसत नाही. गावाकडच्या गाडीत मागचा बेल्ट कोणी लावत नाही, त्यामुळे बकल सीट कव्हरखाली दडपलेलं आणि बेल्ट धुळीने जड झालेला असतो. पूर्ण बाहेर ओढून ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, मग आपोआप आत जातो का ते पाहा. बकलमध्ये बेल्टचा अलार्म बंद करणारी नुसती क्लिप खोचलेली असेल तर ती काढून फेकून द्या. या क्लिपा विकू नयेत असे आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्येच ऑनलाइन कंपन्यांना दिले आहेत.

आयसोफिक्सच्या कड्या असतील तर त्या पाठ आणि बैठक यांच्या फटीत, एकमेकींपासून २८ सेंमीवर हाताला लागतात. पण बाजारातून शिवून घेतलेलं रेक्झीनचं कव्हर बहुतेक वेळा त्या फटीवरूनच ओढलेलं असतं. कव्हरवाल्याकडून तिथे चीर पाडून घेता येते. त्याच रेक्झीनवर बेल्टची सीट थोडी घसरतेही. खाली रबरी जाळी टाकायचा मोह होतो, पण सीटच्या पुस्तिकेत परवानगी नसेल तर काही टाकू नये. आयसोफिक्सच्या पुष्कळ सीटना वरचा पट्टाही लागतो, तो गाडीच्या आसनामागच्या कडीत अडकवायचा असतो, आणि डिकीत सीएनजीची टाकी असली की तिथपर्यंत हात पोचणं मुश्कील. दोन्ही गाड्यांना आयसोफिक्स असतं तर तीच सीट घेतली असती, कारण चुकीची बसवणं अवघड असतं. इथे एका गाडीला कड्या नव्हत्या, तिथे प्रश्न मिटला. जुन्या बोलेरोत मागे समोरासमोरची आडवी बाकं असतात. त्यांवर कोणतीच कार सीट चालत नाही.

आता बसवणं. गोंधळ नको म्हणून गाडीचा तो बेल्ट आणि सीटचे ते पट्टे असं म्हणू. सीटच्या कडेला निळ्या आणि लाल खुणा आहेत. निळ्या खुणा उलट्या बसवणीच्या, म्हणजे लेकराचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे. लाल खुणा सुलट्या बसवणीच्या. १३ किलोपर्यंत उलटी वापरता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात दोन वर्षांच्या मुलाचं मध्यम वजन १२.२ किलो आणि मुलीचं ११.५ आहे, म्हणजे वजनाच्या हिशेबाने बहुतेक लेकरं दोन वर्षांपर्यंत उलटी बसू शकतात. डोकं मात्र कवचाच्या वरच्या कडेच्या निदान अडीच सेंमी खाली राहायला हवं. पाय दुमडतात म्हणून आधीच सुलटं करायची घाई होते. पाय दुमडले तरी चालतं; समोरून धडक बसली की मानेला सीटच्या पाठीचा आधार मिळणं जास्त मोलाचं. नव्या आर-१२९ नियमात तर १५ महिन्यांपर्यंत उलटं बसवणं सक्तीचं आहे.

उलट्या बसवणीला हॅचबॅकमध्ये पुढची डावी सीट बरीच पुढे सरकवावी लागते. उंच माणसाने त्या जागेचा विचार सोडावा. सीटचा कोन जास्तीत जास्त आडवा ठेवा, बेल्ट निळ्या खुणांमधून पीळ न पडता ओवा, बकल लावा. मग सीटमध्ये गुडघा रोवून अंगाचा भार द्या आणि खांद्याकडचा बेल्ट हळूहळू आत ओढा. बेल्ट जिथून जातो तिथेच सीट धरून हलवा : अडीच सेंमीपेक्षा जास्त हलता कामा नये. वरचं टोक थोडं डोलतं, ते चालतं. आपल्याकडच्या बेल्टांना झटका बसल्यावरच कुलूप लागतं, एरवी ते ढिले होत राहतात, त्यामुळे सीटच्या कडेची, बेल्ट आवळून धरणारी लॉक क्लिप जिथे दिली आहे तिथे लावायलाच हवी. पहिल्या फेरीत ती विसरली गेली आणि परभणी ते जिंतूर रस्त्यावरच्या गतिरोधकांनी सीट वीत-दीड वीत बाजूला कलली.

दुसरी चूक बकलची. सात आसनी गाडीत बकलची दांडी लांब आहे, त्यामुळे ते सीटच्या प्लास्टिकच्या कडेवर येऊन टेकतं आणि तिरकं दबतं. असं दबलेलं बकल धडकेत मोडू शकतं किंवा सुटू शकतं. उपाय एकच, दुसरी बाजू किंवा दुसरी गाडी. बेल्ट पुरेसा लांब आहे का हेही उलट्या बसवणीतच कळतं, कारण तेव्हा तो सीटला वळसा घालून जातो. म्हणून दुकानदाराला सांगून गाडीत लावून बघावं, परतीची सोय नसेल तर घेऊ नये. आणि पुढे एअरबॅग चालू असलेल्या जागी उलटी सीट कधीच नाही. फुगणारी बॅग सरळ कवचावर, लेकराच्या डोक्यामागे आदळते.

सगळ्यात मोठा घोटाळा मात्र वेगळाच निघाला. दिवाळीला नऊ महिन्यांचं असलेलं लेकरू महालक्ष्म्यांना दीड वर्षाच्या पुढे गेलेलं असतं. रोज वापरणाऱ्याच्या नजरेला वाढ येते. माळ्यावरून काढलेली सीट मागच्या फेरीच्याच मापावर असते. आतली तान्ह्यासाठीची उशी तशीच राहिली तर लेकराचे खांदे पुढे ढकलले जातात आणि पट्टे बसत नाहीत. म्हणून दर फेरीला लेकरू बसवण्याआधी पट्ट्यांची खाच तपासा : उलट्या बसवणीत पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यावेत, सुलट्या बसवणीत रेषेत किंवा किंचित वरून. या सीटमध्ये खाच बदलायला मागून पट्टे धातूच्या पट्टीतून काढून परत ओवावे लागतात, दहा मिनिटं जातात आणि एक पट्टा पिळून जातोच. हीच या सीटची खरी उणीव. डोक्याच्या आधारासोबत पट्टे वर-खाली होणारी सीट हजार-दोन हजारांनी महाग पडते, पण अधूनमधून वापरणाऱ्याने तेवढे पैसे घालावेतच.

पट्टा किती घट्ट? खांद्यावर चिमटीत धरून बघा. चिमटीत घडी आली तर अजून ओढा. थंडीत कुंची, स्वेटर, वर दुपटं अशा थरांवर पट्टा घट्ट वाटतो आणि आत पोकळी राहते. आधी पातळ कपड्यांवर पट्टे लावावेत, दुपटं किंवा गोधडी नंतर वरून घालावी. करदोड्याची पुतळी बकलखाली रुतते, ती बाजूला सरकवावी. आजीला हे सगळं लेकराला बांधून टाकल्यासारखं वाटतं आणि ते मांडीवर घ्यावं असाच आग्रह असतो. हिशेब साधा आहे : ताशी ५० किमीची गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर अंगावर वजनाच्या जवळपास वीसपट भार येतो, १० किलोचं लेकरू त्या क्षणी २०० किलोचं होतं. एवढा भार कुठल्याच हातात राहत नाही. कायद्याचाही आधार आहे : मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब नुसार १४ वर्षांखालील मुलाला बेल्ट किंवा सीट नसेल तर १,००० रुपये दंड, १ सप्टेंबर २०१९ पासून. अर्थात दंडाचं सांगून आजी ऐकत नाही. तिला सीटशेजारी बसवून खुळखुळा हातात दिला की भांडण मिटतं.

एका बैठकीत दोन तासांपेक्षा जास्त बसवू नये. संभाजीनगर ते जालना ६० किमी सहज निघतात; समृद्धीवरून पुढे जायचं असेल तर थांबा आधीच ठरवावा, कारण तिथे मनात येईल तिथे उतरता येत नाही.

मे महिन्यात पारा ४२-४३ वर असतो, तेव्हा उन्हातल्या गाडीत बकल चटका देतं. लिंबाखाली गाडी लावा, सीटवर पांढरा पंचा टाका, बसवण्याआधी बकलला हाताची मागची बाजू लावून बघा. काळं कापड घेऊ नये. दुकानात तेच देखणं दिसतं आणि उन्हाळ्यात तेच नडतं. या सीटच्या कापडातून हवाही खेळत नाही, अर्ध्या तासात पाठ घामेजते.

चिवडा आणि मुरमुऱ्यांचे कण बकलमध्ये गेले की ‘खट्’ असा आवाज येईनासा होतो. बकल कोमट पाण्यात खळखळवून वाळवावं. साबण नको, तेल तर मुळीच नको, त्यावर धूळ चिकटते. कव्हर धुता येतं, पट्टे फक्त ओल्या कापडाने पुसायचे, कारण डिटर्जंटने धागा कमकुवत होतो. ठेवताना खताच्या आणि फवारणीच्या औषधांच्या खोलीत ठेवू नये, गच्चीवर उन्हातही नको. उंदरांनी पट्टा कुरतडलेला दिसला तर शिवून वापरायचा नाही, कंपनीकडून नवा मागवायचा. जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पत्र्याच्या पेटीवर ठेवली तर बरी टिकते. त्याच पिशवीत पुस्तिका, आणि बरोबर बसवलेल्या सीटचे दोन फोटो छापून ठेवा : एक निळ्या खुणांमधून बेल्ट कसा गेला त्याचा, एक लॉक क्लिपचा. पुस्तिका कोणी वाचत नाही, फोटो बघून मामाने चौथ्या वेळी सीट सात मिनिटांत बसवली.

खांदे सगळ्यात वरच्या खाचेच्या वर गेले किंवा वजन १८ किलो झालं की ही सीट संपली. पुढे पाठ असलेली बूस्टर (गाडीचाच बेल्ट नीट बसावा म्हणून मुलाला उंच बसवणारी सीट) लागेल, आणि तिला खांद्यावरून येणारा बेल्ट हवाच. तेव्हा आजोबांनी गाडी बदलायचं काढलं, तर मधल्या जागेलाही तीन बिंदूंचा बेल्ट असलेली बघा असं आत्ताच सांगून ठेवावं.