वुर्स्टफेस्ट की ऑक्टोबरफेस्ट? टेक्सासच्या दोन जर्मन जत्रा

गणपती विसर्जन झालं की आमच्या ऑस्टिनच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दरवर्षी तोच प्रश्न फिरतो. "आई-बाबा आलेत, त्यांना ते जर्मन काहीतरी दाखवायचंय. फ्रेडरिक्सबर्गला नेऊ की न्यू ब्राउनफेल्सला?" त्यावर चार जणांचे बियरच्या मगांसकट फोटो येतात आणि "दोन्ही मस्त!" असं ठरलेलं उत्तर. त्याने विचारणाऱ्याचं काहीच भागत नाही. मी दोन्हीकडे गेले आहे. मित्रमंडळींबरोबर गेले, पोरांना घेऊन गेले, आणि एकदा सासू-सासऱ्यांना नेमक्या चुकीच्या जागी नेऊन दिवसभर त्यांचं "छान आहे हो" ऐकत बसले. म्हणून हे जरा सविस्तर.

घाईत असाल तर एवढंच वाचा. बरोबर ज्येष्ठ मंडळी असतील आणि एक रात्र मुक्काम जमणार असेल तर फ्रेडरिक्सबर्गचा ऑक्टोबरफेस्ट. मित्रांची टोळी असेल, किंवा आकाशपाळण्यात बसायला हट्ट करणारी मुलं असतील आणि रात्री घरच्या गादीवर झोपायचं असेल, तर न्यू ब्राउनफेल्सचा वुर्स्टफेस्ट.

आता मूळ गोष्ट. ही दोन्ही गावं म्हणजे सख्खी भावंडं. १८४० च्या दशकात काही जर्मन उमरावांनी मंडळ काढून टेक्सासमध्ये वसाहती बसवायचा घाट घातला. त्यांचा पहिला कारभारी प्रिन्स कार्ल ऑफ सोल्म्स-ब्राउनफेल्स. त्याने मार्च १८४५ मध्ये कोमाल नदीकाठची १,२६५ एकर जमीन १,१११ डॉलरला घेतली आणि आपल्या घराण्याच्या गावाचं नाव या नव्या गावाला दिलं. टेकडीवर वाडाही बांधायला काढला होता, होणाऱ्या बायकोच्या, सोफीच्या नावाने. सोफी काही आली नाही, आणि राजपुत्रही काही महिन्यांत गाशा गुंडाळून परत गेला. त्या टेकडीवर आज सोफीनबर्ग नावाचं संग्रहालय आहे. दुसरा कारभारी मॉयझेबाख. हा टेक्सासला आल्यावर बॅरनपद सोडून साधा 'जॉन' झाला, १८४६ मध्ये त्याने फ्रेडरिक्सबर्ग बसवलं आणि पुढच्याच वर्षी तिथल्या मूळ रहिवासी कोमांची लोकांशी तह केला. मला विचाराल तर दोघांत गडी तोच.

या उत्सवांत एक गंमत आहे, ती आधीच सांगते म्हणजे तिथे जाऊन फसगत नको. पट्ट्यांची चामडी चड्डी, पिसाची टोपी, झालरीचा ड्रेस हा सगळा थाट बव्हेरियाचा. ऑक्टोबरफेस्टही म्युनिकचा, १८१० मध्ये तिथल्या युवराजाच्या लग्नात सुरू झालेला. टेक्सासला आलेले लोक मात्र बहुतेक नासाऊ, हेसे, हॅनोव्हर या भागांतले. त्यांच्या पणजोबांनी चामडी चड्डी घातली असण्याची शक्यता कमीच. पण हसू नका. ज्यांच्या गावात कधी फड उभा राहिला नाही अशी आपली माणसं परदेशातल्या मंडळाच्या स्टेजवर लावणी करतात आणि सगळेच्या सगळे फेटे बांधतात. लांब राहिलं की ओळख अशी थोडी उसनी घ्यावी लागते. या लोकांवर तर वेळही वाईट आली होती. पहिल्या महायुद्धात जर्मन बोलणाऱ्याकडे संशयाने पाहिलं जायचं, आणि १९१८ मध्ये टेक्सासने शाळांतून इंग्रजीत शिकवण्याची सक्ती केली. 'टेक्सास जर्मन' ही बोली आता फार थोड्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी उरली आहे. टेक्सास विद्यापीठ २००१ पासून ती ध्वनिमुद्रित करून ठेवतं आहे. त्या बोलीत स्कंकला 'श्टिंककात्से' म्हणतात, म्हणजे घाण मारणारी मांजर. हा शब्द आमच्या पोरांना इतका आवडला की घरच्या मोज्यांनाही तेच नाव पडलंय.

न्यू ब्राउनफेल्सचा वुर्स्टफेस्ट

वुर्स्ट म्हणजे सॉसेज. १९६१ मध्ये शहराचे मांस-निरीक्षक डॉ. एड ग्रिस्ट यांनी सॉसेजच्या सन्मानार्थ एक दिवस साजरा करायची कल्पना काढली, आणि तिचे आज दहा दिवस झाले आहेत. म्हणजे हा जर्मनीतून आणलेला सण नाही, गावाने स्वतः घडवलेला आहे, आणि मला तो म्हणूनच जास्त खरा वाटतो. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात लांडा पार्कला लागून, कोमाल नदीच्या काठी तो भरतो. आत गेलात की लाल जाकिटं घातलेले, टोपीला बिल्ले टोचलेले पुरुष दिसतील. ते 'ओपा', म्हणजे आजोबा. गावातलेच स्वयंसेवक, आणि त्यांच्या प्रमुखाला 'ग्रोस ओपा' म्हणतात. आपल्याकडच्या सार्वजनिक मंडळाचे अध्यक्ष डोळ्यांपुढे आणा, फक्त मांडवात उघडपणे बियर चालते.

खाण्याच्या बऱ्याच टपऱ्या गावातल्या संस्था आणि क्लब चालवतात, कमाई त्यांच्या कामाला जाते. मुख्य सभागृह वुर्स्टहाले. तिथे लांबच लांब टेबलं, पुढे तुतारीला लाजवेल असं ट्युबा हे पितळी वाद्य आणि पोल्का नाचाचा ठेका. बियर पिचरने घेतात आणि रिकामे पिचर एकात एक घालून मनोरे रचतात. रात्री आठनंतर आत बोललेलं ऐकू येत नाही. माझी चूक ही झाली की सासूबाईंना शनिवारी संध्याकाळी इथे नेलं. त्यांनी अर्धा तास ओढणी कानाशी धरून काढला आणि मग विचारलं, "बाहेर नदी दिसत होती ना, तिथे बसू या का?" नदीवर बसलो, आणि खरं सांगते, त्या संध्याकाळचा सर्वांत चांगला तास तोच होता. कोमाल ही जेमतेम चार किलोमीटरची नदी, पार्कातल्या झऱ्यांतून उगम पावते आणि पाणी इतकं स्वच्छ की तळ दिसतो. दुपारी पार्कात लहान मुलांची छोटी आगगाडीही असते.

२०१९ चा उत्सव संपल्यावर काहीच दिवसांत मैदानावरच्या इमारतींना मोठी आग लागली, पुढच्या वर्षी कोविडने उत्सव बुडाला. नंतर सगळं नव्याने उभं केलं, त्यामुळे जुने फोटो पाहून गेलात तर मैदान ओळखू येणार नाही.

या गावाला नुसतं जत्रेपुरतं जाऊ नका. १८६८ पासून चालू असलेली नेगेलिन बेकरी आहे, टेक्सासमधली सर्वांत जुनी म्हणून ओळखली जाते. जवळच ग्रीन वस्तीत १८७८ चा लाकडी डान्स हॉल आहे. नाव लिहितात ग्रुएने, म्हणतात ग्रीन. ग्रुएने म्हणून पत्ता विचारलात तर लोक गोड हसतात.

फ्रेडरिक्सबर्गचा ऑक्टोबरफेस्ट

हा तीनच दिवसांचा, साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवार-रविवारच्या आसपास. १९८१ मध्ये सुरू झाला आणि एक ना-नफा कलासंस्था तो भरवते. लोकवस्तीतला फरक लक्षात घ्या: २०२० च्या जनगणनेत न्यू ब्राउनफेल्स ९० हजारांवर गेलं, फ्रेडरिक्सबर्ग ११ हजारांच्याही आतच. जत्राही त्याच मापाची, आणि गावाच्या ऐन मध्यावर, मार्क्टप्लात्सवर, म्हणजे बाजारचौकात भरते. चौकात अष्टकोनी फेराइन्स किर्शे आहे. हे मूळ १८४७ चं, चर्च, शाळा, सभागृह आणि वेळ आलीच तर गढी असं सगळं एकाच छपराखाली. आकारावरून लोक त्याला कॉफीची चक्की म्हणायचे. मूळ इमारत १८९७ मध्ये पाडली, आत्ताची प्रतिकृती आहे.

इथला मोठा फायदा म्हणजे कंटाळा आला की दोन मिनिटांत बाहेर. मेन स्ट्रीट समोरच. बैलगाडी वळवता यावी म्हणून रस्ता एवढा रुंद ठेवला असं सांगतात. गल्ल्यांत 'संडे हाउस' नावाची चिमुकली घरं दिसतील. लांबच्या मळ्यांत राहणारे शेतकरी शनिवारी बाजाराला येत, तिथे उतरत आणि रविवारी चर्च करून परतत. सासऱ्यांना ही कल्पना ताबडतोब पटली, त्यांच्या आजोबांची आठवडी बाजाराच्या गावात अशीच एक खोली होती. चालत जाण्याच्या अंतरावर पॅसिफिक युद्धाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. त्या युद्धातला अमेरिकी आरमाराचा सेनापती ॲडमिरल निमित्झ १८८५ मध्ये याच गावात जन्मला, एका जर्मन हॉटेलवाल्याचा नातू. मागे जपानने १९७६ मध्ये भेट दिलेली शांतताबाग आहे. इतिहासाची आवड असलेला माणूस तिथे अर्धा दिवस सहज रमतो, आणि जत्रेत गेलाच नाही तरी चालतं.

पण आमचे बाबा जत्रेतच रमले. ते गावी भजनी मंडळात पेटी वाजवायचे. बँड थांबला तेव्हा अकॉर्डियनवाला कडेला पाणी पीत बसला होता. बाबा जाऊन त्याच्याजवळ उभे राहिले, भात्याकडे बोट दाखवलं, मग हवेत पेटी वाजवून दाखवली. त्याला कळलं. त्याने अकॉर्डियन मांडीवर तसाच ठेवून भाता ओढला आणि पट्ट्यांकडे खूण केली. बाबांनी उजव्या हाताने 'सा रे ग म' काढलं, पट्ट्या उभ्या असल्याने दोनदा चुकले. तो म्हणाला, "गुड, गुड," आणि बाबा म्हणाले, "सूर पांढरी चारचा वाटतोय." दोघांना एकमेकांचं काहीही कळलं नाही. वुर्स्टहालेच्या गर्दीत हे घडलं नसतं.

खाण्याचं काय?

मांसाहारींना दोन्हीकडे चंगळ. न्यू ब्राउनफेल्समध्ये प्रकार जास्त, आणि काडीवर लावलेला पोर्क चॉप हातात धरून फिरणारी माणसं पाहणं हाच एक कार्यक्रम.

शाकाहारींना जपून. बटाट्याचा कार्टोफेलपुफर दिसायला थेट उपासाच्या बटाट्याच्या थालीपिठासारखा, वर सफरचंदाचा गोडसर गर. सासूबाईंनी पहिला घास घेऊन कौतुकही केलं. मग कळलं की पिठात अंडं असतं, आणि बशी नातवाकडे सरकली. गरम जर्मन बटाटा सॅलडमध्ये बहुतेक वेळा बेकन घालतात, सावरक्राउट म्हणजे आंबवलेल्या कोबीतही कधीकधी घालतात. कढई वेगळी असेल अशी अपेक्षा नकोच. बिनघोर खाण्यासारखं म्हणजे प्रेट्झेल, भाजलेलं कणीस आणि ॲपल श्ट्रूडेल, तेही विचारून. मी डब्यात मेथीचे ठेपले नेते आणि ते गाडीतच ठेवते, कारण बाहेरचं खाणं आत चालत नाही. पार्किंगमध्ये उभं राहून खातो. अमेरिकेत पंधरा वर्षं काढून अजून हेच चाललंय, काय करणार.

अंतर, दिवस, पार्किंग

ऑस्टिनहून न्यू ब्राउनफेल्स साधारण ४५-५० मैल, सॅन अँटोनियोहून ३० च्या आसपास. फ्रेडरिक्सबर्ग ऑस्टिनहून ८० मैलांच्या घरात, सॅन अँटोनियोहून ७०. ह्यूस्टनच्या मंडळींना न्यू ब्राउनफेल्सलाच तीन तास लागतात, तेव्हा एका दिवसात फ्रेडरिक्सबर्गचा विचारही करू नका. ह्यूस्टनवाल्यांना मे महिन्यात ब्रेनमचा माइफेस्ट जवळ पडतो, लहान मुलांच्या लुटुपुटूच्या राज्याभिषेकाची हौस तिथे खास.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला हिल कंट्रीत, म्हणजे या टेकड्यांच्या भागात, दुपारी ऊन चांगलंच भाजतं. टोपी आणि पाणी घ्या, सकाळी लवकर जा. नोव्हेंबरात हवा सुखाची, पण उत्तरेचा वारा सुटला तर एका तासात स्वेटर लागतो. आपल्या सणांशी टक्कर दोन्हीकडे आहे: फ्रेडरिक्सबर्ग नवरात्र-दसऱ्याच्या आसपास, आणि दिवाळी नोव्हेंबरात आली की वुर्स्टफेस्ट. अशा वर्षी आम्ही भाऊबीज उरकून दुसऱ्या आठवड्यातल्या मधल्या वारी जातो. वुर्स्टफेस्ट दहा दिवस असण्याचा हाच उपयोग, शनिवारची गर्दी आपल्या डोक्यावर घ्यायलाच हवी असं नाही. शनिवारी लांडा पार्ककडे जाणारे रस्ते तुंबतात. गाडी दूर लावून बसने येणं बरं.

तिकीट दोन्हीकडे आहे, दर दरवर्षी बदलतात. बियर घ्यायची तर वय दाखवावं लागतं, पांढऱ्या केसांवर सगळेच विश्वास ठेवत नाहीत. आई-बाबांपैकी कोणी बियरचा मग उचलणार असेल तर पासपोर्ट जवळ असू द्या. आणि परतीच्या गाडीला एक न पिणारा माणूस सकाळीच ठरवा, तिथे पोचल्यावर नाही.

फ्रेडरिक्सबर्गला मुक्काम करायचा असेल तर खोली वसंतातच ठरवून टाका. आम्ही एका वर्षी ऑगस्टमध्ये शोधायला घेतली आणि रात्र कर्व्हिलमध्ये काढली. रस्त्यावर हरणं येतात म्हणून पंचवीस मैल मुंगीच्या पावलाने, मागच्या सीटवर बाबा पेटीच्या चालीवर "हॉप हॉप हॉप" गुणगुणताहेत आणि आई त्यांना झोपा म्हणताहेत.