रायडिंग बूट दुरुस्ती, भद्रकाली: बिनपाटीचं दुकान

मी आणि दादा एकाच रेजिमेंटला होतो. ६१ कॅव्हलरी, जयपूर. नाशकात हे सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे देवळालीला?" नाही हो, ते तोपखानेवाले. आम्ही घोडेवाले. रणगाडे नाहीत, खरेखुरे घोडे. १९५३ साली संस्थानांची घोडदळं एकत्र करून उभी केलेली रेजिमेंट. राजपूत, राजस्थानातले कायमखानी मुसलमान आणि आपले मराठे.

तर बूट दादाचे. गुडघ्यापर्यंतचे, बिनचेनचे, सोल सुटलेला. आधी दुसऱ्या एका दुकानात दिले. त्यानं खाली जाड नक्षीचं रबर ठोकलं आणि वर म्हणाला, "आता घसरणार नाही." अरे, घसरायलाच तर पाहिजे! स्वार पडला तर पाय रिकिबीतून, म्हणजे खोगिराला लटकणाऱ्या पाय ठेवायच्या कडीतून, सुटला पाहिजे. अडकला तर घोडा फरफटत नेतो. म्हणून तळ सपाट कातड्याचा, आणि पाय आरपार जाऊ नये म्हणून टाच ठळक. २५० रुपये गेले.

भद्रकालीतल्या मामांनी बूट हातात घेऊन पोटरीच्या आतल्या बाजूवर अंगठा फिरवला. रिकिबीचा पट्टा घासून तिथलंच कातडं पातळ झालं होतं. "घोड्यावर बसता काय?" मी तोवर काहीच सांगितलं नव्हतं. तिथंच मी बूट ठेवून आलो.

रबर उपटून कातडी सोल मेणाच्या दोऱ्यानं हातानं शिवला. पोटरीवर ठिगळ लावलंय, पण कडा रापीनं इतक्या तासल्यात की बोटाला लागत नाहीत. दोऱ्याचा रंग मात्र जरा फिका. सांगितले आठ दिवस, लागले एकोणीस. फोन उचलत नाहीत. १,४०० रुपये, रोख. गाडी शालिमारलाच लावा, गल्लीत वळवताही येत नाही.

मामा म्हणाले, "चेन बसवून देतो, काढायला सोपं." मी नको म्हटलं. बिनचेनचा बूट एकट्यानं निघत नाही. जानेवारीत दिल्लीला परेडच्या सरावाहून आलो की पोटऱ्या सुजलेल्या असायच्या. दादा खाटेवर बसायचा, मी पाठ करून त्याचा बूट मांड्यांत धरायचो, आणि तो दुसऱ्या पायानं मला मागून रेटायचा. मग माझी पाळी. तो दफादार, मी साधा सवार. चारचौघांत "दफादार साब" म्हणावं लागे. घोड्याचा खूर नीट साफ केला नाही म्हणून त्यानं अख्ख्या अस्तबलासमोर मला तोच खूर दोनदा करायला लावलाय. मालिशही पुन्हा. घरी आईला पत्ता नाही. त्याचा सगळा हिशोब मी संध्याकाळी बूट काढताना चुकता करायचो.

साडेचार तारे. अर्धा तारा एकोणीस दिवसांचा कापला.

निफाडला नेल्या नेल्या दादानं द्राक्षबागेतून येऊन तसेच चढवले. दोन वर्षांत पोटरी सुटलीय त्याची. अर्ध्या तासानं पायरीवर बसला आणि काही न बोलता माझ्यापुढं पाय केला. उजवा निघाला. डाव्याला वहिनीलाही हात लावावा लागला.