राजारामपुरीतलं हाडांचं हॉस्पिटल: रिटायर्ड सिस्टरचा रिव्ह्यू (चार स्टार)

आमच्या ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन इथं झालं. डॉक्टरांचा हात चांगलाय हे गावभर माहीत आहे, त्यावर मी काय लिहू? माझा जन्म वॉर्डात गेला, त्यामुळं माझं सगळं लक्ष सिस्टरांकडं.

आमच्या वेळी ड्युटी लिस्ट मेट्रनच्या ऑफिसातून यायची. दिवाळीची नाईट जिच्या वाट्याला, तिनं मुकाट करायची. इथं पोरी फळ्यावर आधी आपापली अडचण लिहितात. कुणाच्या लेकराची परीक्षा, कुणाला जोतिबाच्या यात्रेला जायचंय. मग बसून लिस्ट आपसात लावतात. इनचार्ज फक्त नाईटला नव्या पोरीबरोबर जुनी आहे का बघते. बैठकीला वॉर्डातल्या मावशी-मामाही (आया-वॉर्डबॉय) असतात, आणि त्यांचं ऐकलंही जातं. पेशंट सरकवायची गुळगुळीत शीट मामांनीच मागून घेतलेली. ह्यांना कुशीवर वळवलं, शीट खाली सारली, चादर धरून "एक, दोन, तीन" म्हटलं, की एवढा अवजड गडी स्ट्रेचरवरून कॉटवर अलगद आला! आमच्या पिढीच्या कमरा उगाच गेल्या.

औषधं वाटताना सिस्टर लाल एप्रन घालते. त्यावर 'बोलू नका' लिहिलंय. शेजारच्या पेशंटच्या भावानं डिस्चार्जचं विचारलं, तर तिनं नुसतं नर्सिंग स्टेशनकडं बोट केलं. त्याला राग आला, मला बरं वाटलं. मध्येच कुणी बोललं की डोस चुकतो.

अमेरिकेत नर्सेसची टंचाई होती तेव्हा, नर्सेस टिकून राहतात अशी ४१ हॉस्पिटलं १९८३ च्या अभ्यासात तपासली. निर्णयात नर्सेसचा वाटा, हे त्यातलं एक मोठं कारण निघालं. त्यातूनच पुढं चांगल्या नर्सिंगसाठी हॉस्पिटलला मिळणारी 'मॅग्नेट' मान्यता आली. पहिली १९९४ मध्ये सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन मेडिकल सेंटरला. इथं असला बिल्ला नाही, पण काम त्याच वळणाचं आहे.

एक स्टार कापला तो डॉक्टरांमुळं. ते बैठकीला येत नाहीत. राऊंडची वेळ रोज वेगळी, मग ओव्हर (पुढच्या पाळीला पेशंटची माहिती देऊन काम सोपवणं) रखडतो आणि मॉर्निंगच्या पोरी दुपार उलटली तरी अडकलेल्या. फळ्यावर 'राऊंडची वेळ' हा मुद्दा आहे. बाकी प्रत्येक मुद्द्यापुढं कोण बघणार त्याचं नाव आहे, ह्याच्यापुढं मोकळी जागा.

बाकी, गाडी लावायला जागा नाही आणि चहा पाणचट. सोबत राहणाऱ्याचा बाक अरुंद आहे, घरून वाकळ आणा.