विल्सन प्रो स्टाफ आरएफ ९७ : फेडररची रॅकेट बेळगावच्या हवेत कशी चालते

ही रॅकेट आता बहुतेक करून वापरलेलीच हाती येते. 'फेडररची आहे' एवढ्यावर भुलून ती घेणारे बरेच असतात आणि महिन्याभरात कोपर धरून बसतात. ती वाईट नाही. एका विशिष्ट खेळाडूच्या एका विशिष्ट अडचणीवर काढलेला तो तोडगा आहे. ती अडचण समजली की आपल्या हाताला ती झेपेल की नाही, हेही कळतं.

२००१ साली फेडररने विम्बल्डनच्या चौथ्या फेरीत सँप्रसला हरवलं तेव्हा दोघांच्याही हातात ८५ चौरस इंचांच्या डोक्याची (गट्स, म्हणजे ताणलेल्या तारा, बसतात त्या भागाची) प्रो स्टाफ होती. पुढच्या वर्षी तो ९० इंचांवर गेला आणि २० पैकी १७ ग्रँड स्लॅम त्याच आकारावर जिंकला. डोकं इतकं लहान की चेंडू मधोमध बसला तर लोण्यासारखा जातो, बोटभर सरकला की फ्रेमला लागून भलतीकडे. नदालचा टॉपस्पिन, म्हणजे पुढे फिरत येणारा चेंडू, खांद्याच्या उंचीला उसळायचा आणि एकहाती बॅकहँडला नेमका तिथेच मधला बिंदू सापडत नाही. २०१३ मध्ये विम्बल्डनच्या दुसऱ्याच फेरीत ११६ व्या क्रमांकाच्या स्टाखोव्स्कीकडून हरल्यावर त्याने हॅम्बुर्गला मोठी रॅकेट हातात घेतली, पुन्हा जुन्याकडे वळला आणि २०१४ च्या सुरुवातीपासून ९७ इंचांवर स्थिरावला. उरलेली तीन विजेतेपदं हिच्यावरची. २०१७ च्या मेलबर्नमधल्या ऑस्ट्रेलियन ओपन फायनलमध्ये नदालविरुद्ध पाचव्या सेटला १-३ मागे पडून त्याने सलग पाच गेम घेतले; त्या सामन्यातला बॅकहँड पाहिला की सात इंचांचा फरक डोळ्यांना दिसतो. तेव्हा तो ३५ वर्षांचा होता.

मात्र डोकं वाढवलं तरी वजन त्याने सोडलं नाही. गट्सशिवाय ३४० ग्रॅम, गट्स बसवल्यावर ३५७ च्या आसपास, वर ओव्हरग्रिप, म्हणजे मुठीवर गुंडाळायची पट्टी. फ्रेमची जाडी २१.५ मिलिमीटर, गटिंग, म्हणजे गट्सची वीण, १६ उभ्या आणि १९ आडव्या. तोल मुठीकडे असल्यामुळे हातात घेतल्यावर ती वजनाइतकी जड वाटत नाही, आणि घेणारा फसतो तो इथेच. पहिल्या सेटमध्ये व्हॉली (टप्पा पडण्याआधी मारलेला फटका) आणि स्लाइस (चेंडू खालून कापत मारलेला फटका) सुरेख बसतात. दुसऱ्या सेटच्या मध्यावर दंड थकतो, रॅकेट चेंडूपर्यंत उशिरा पोचते, मग माणूस मनगटाने ओढायला लागतो. कोपर दुखतं ते त्यामुळे. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांच्या हातात ही देऊच नये.

वापरलेली घेताना किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन करा. गट्ससकट ३४० च्या खाली भरली तर ती नकली तरी आहे किंवा दुसरंच मॉडेल. मग पट्टीच्या धारेवर तोलून पाहा : ओव्हरग्रिप नसेल तर मुठीच्या टोकापासून साधारण ३१.५ सेंटिमीटरवर ती स्थिरावली पाहिजे. घड्याळाच्या दहा आणि दोनच्या जागी, तसंच गळ्याच्या, म्हणजे डोकं मुठीला जुळतं त्या भागाच्या, दोन्ही बाजूंना, नखाने चाचपून तडा शोधा. रंगाचा ओरखडा चालेल, पण नख अडकलं तर रॅकेट ठेवून द्या. ग्रॉमेट (गट्स ज्यांतून जातात ती फ्रेमच्या भोकांतली प्लास्टिकची नळकांडी) चिरलेले असतील तर नवी पट्टी मिळते का हे आधी विचारा, कारण चिरलेल्या ग्रॉमेटची धार नव्या गट्स आठवड्यात तोडते.

गटिंगमध्येच या रॅकेटचा जीव आहे. फेडरर उभ्या नॅचरल गट आणि आडव्या लक्सिलॉन कंपनीच्या अलू पॉवर रफ या पॉलिएस्टरच्या गट्स वापरायचा. आडव्यांचा ताण उभ्यांपेक्षा दीडेक किलो, म्हणजे तीनेक पाउंड, कमी. चेंडू लागल्यावर सरकून परत जागेवर येतात त्या उभ्या गट्स, म्हणून मऊ गट तिथे. आडवी पॉलिएस्टर गुळगुळीत राहून त्यांना सरकू देते. क्लबमध्ये खेळणाऱ्याने उभ्या ५२ आणि आडव्या ४९ पाउंडांपासून सुरुवात करावी. पूर्ण पॉलिएस्टर बसवू नका, ही फ्रेम आधीच ताठ आहे. १२ मीटरचं नॅचरल गटचं पाकीट अर्धं कापलं की दोन रॅकेटींच्या उभ्या गट्स होतात, म्हणून जोडीदार शोधून घेतलेलं परवडतं. तो गट गाईच्या आतड्यापासून बनतो हे घेण्याआधी माहीत असावं. नको असेल त्याने उभ्या गट्स नायलॉनच्या मल्टिफिलामेंट, म्हणजे अनेक बारीक तंतू वळून केलेल्या, घ्याव्यात, कोपराला त्याही जपतात.

आता इथल्या हवेचं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास, त्यामुळे पणजीत नेमका वाटणारा ताण इथे थोडा सैल वाटतो आणि चेंडू बेसलाइनबाहेर जातो. एक-दोन पाउंड वाढवले की जमतं. खरा शत्रू पावसाळा. जून ते सप्टेंबर इथे, आणि खानापूरकडे तर जास्तच, हवेत इतका ओलावा असतो की नॅचरल गट फुगतो आणि त्याचे तंतू केसासारखे सुटू लागतात. त्या चार महिन्यांत मल्टिफिलामेंटच बसवावी. गट आधीच बसवलेला असेल तर सिलिका जेलच्या पुड्या टाकून रॅकेट बंद पिशवीत ठेवा. उन्हाळ्यात उलट काळजी : गाडीच्या डिकीत दुपारभर राहिली की गट्सचा ताण उतरतो. तांबड्या मातीच्या कोर्टावर खेळलात तर उभ्या-आडव्या गट्स एकमेकींना छेदतात तिथे बसलेली रेती जुन्या टूथब्रशने झाडा, नाहीतर ती करवतीसारखी कापते. आणि पॉलिएस्टर तुटायची वाट पाहू नये. पंधरा-वीस तास खेळ झाला की ती मेलेली असते, चेंडू पाटीवर आपटल्यासारखा लागतो.

मूळ मूठ चामड्याची आहे. ती काढू नका, तोल बिघडतो. वरची ओव्हरग्रिप पावसाळ्यात तीन-चार खेळांनंतर बदला.

एकहाती बॅकहँड, सर्व्ह करून नेटवर जायची सवय आणि आठवड्यात तीन दिवस खेळणारा दंड असेल तर ही रॅकेट घ्यावी. बाकीच्यांनी २०२४ मध्ये आलेली आरएफ ०१ पाहावी : ९८ इंच, गट्सशिवाय ३०० ग्रॅम. फेडररने २०२२ च्या सप्टेंबरात लंडनला नदालच्या जोडीने शेवटची दुहेरी खेळून रॅकेट खाली ठेवली, त्यानंतर त्याच्या नावाने निघालेली ही हलकी रॅकेट शनिवार-रविवार खेळणाऱ्याच्या हाताला जास्त मानवते.