मेलमन ३: काही महिन्यांच्या वापरानंतर, आणि ती ४० केबीची मर्यादा

मेलमन म्हणजे ईमेलवरच्या चर्चा-याद्या चालवणारं सॉफ्टवेअर. त्याची २.१ आवृत्ती सोडणं भागच होतं. ती ज्या पायथन २ भाषेवर चालते, तिचा आधार २०२० लाच संपला. पण मराठी चर्चा-यादी ३ वर आणली की सर्वांत आधी सेटिंग्जमध्ये ‘मेसेज अ‍ॅक्सेप्टन्स’ उघडा. तिथे पत्राचा कमाल आकार मुळातच ४० केबी ठेवलेला असतो. मराठीसाठी हा आकडा साफ चुकीचा आहे.

हिशेब पाहा. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी ३ बाइट घेते. ‘मराठी’ १५ बाइटांचा, ईमेलसाठी बेस६४ या रूपात बदलल्यावर २०. त्यात जीमेल तोच मजकूर साधा आणि एचटीएमएल असा दोनदा पाठवतं, म्हणजे एका शब्दाला ४० बाइट. हजारेक शब्दांचं पत्र मंजुरीसाठी अडकलंच. दोन ओळींचं उत्तरही, खाली आधीची लांब पत्रं तशीच चिकटलेली असली की, अडकतं. लिहिणाऱ्याला वाटतं पत्र गेलंच नाही, तो पुन्हा पाठवतो, आणि मंजुरी देणारा दोन्ही पत्रं यादीवर जाऊ देतो.

एचटीएमएल गाळायला लावूनही फरक पडत नाही. मोजला जातो तो मूळ पत्राचा आकार. गाळणी त्यानंतर चालते. मर्यादा २०० केबी करा. ० केलं तर मर्यादाच उठते आणि मोबाइलवरचे फोटो सगळ्या सभासदांकडे जातात.

डीमार्कबद्दलचं माझं मत मात्र वापरता वापरता बदललं. पत्र खरंच त्या डोमेनवरून आलंय का, हे तपासायची ही पद्धत; यादीने पत्रात बदल केला की ते या तपासणीत नापास होऊ शकतं. याहूने २०१४ मध्ये नापास पत्रं नाकारण्याचं कडक धोरण लावल्यापासून ‘फ्रॉम’मधल्या लिहिणाऱ्याच्या पत्त्याच्या जागी यादीचा पत्ता टाकणं हाच उपाय वाटायचा. पण मग कोणी लिहिलंय ते पटकन कळत नाही, आणि खासगी उत्तर चुकून यादीवर जाण्याची धास्ती राहते. विषयापुढचा यादीच्या नावाचा कंस आणि तळटीप काढली तर डीकेआयएमची सही (पाठवणाऱ्या डोमेनची पत्रावरची डिजिटल सही) बहुतेक वेळा शाबूत राहते. मात्र एचटीएमएल गाळलं तरी ती मोडते, म्हणून गाळणीही बंदच बरी. काही सेवा ‘रिप्लाय-टू’ (उत्तर कुठे जायचं तो पत्ता) सुद्धा सहीमध्ये धरतात, तेही बदलू नका. ज्यांचं डोमेन कडक आहे पण पत्रावर डीकेआयएमच नाही, त्यांची पत्रं तरीही नाकारली जातील. असे सभासद बरेच असतील तर ‘फ्रॉम’ बदलण्याला इलाज नाही.

हे दुर्लक्ष करण्याजोगं दुखणं नाही, कारण पत्र एकाचं नाकारलं जातं आणि बाउन्सचा (पत्र परत आल्याचा) गुण चढतो घेणाऱ्याच्या नावावर. दिवसाला जास्तीत जास्त एक, आणि मूळ सेटिंगनुसार ५ झाले की त्याची टपाल बंद. तक्रार आली की आधी त्याचा बाउन्स स्कोअर बघा.

हायपरकिटीचा (यादीची जुनी पत्रं वेबवर दाखवणाऱ्या भागाचा) शोध व्हूश या शोधयंत्रणेवर संथ चालतो, त्याऐवजी झापियन बसवा. १ जीबी रॅमचा सर्व्हर घेऊन पैसे वाचवू नका, कारण मेलमनचा प्रत्येक रनर (एकेक काम सांभाळणारा भाग) ही वेगळी पायथन प्रोसेस असते. आणि वर्षाचं भाडं भरण्याआधी पोर्ट २५ (सर्व्हरवरून ईमेल बाहेर पाठवायचा मार्ग) उघडं मिळेल का, ते लेखी विचारून घ्या.