ठोकलेली टू-सीटर उचलायची की ठोकलेली फॉर्च्युनर? दुरुस्त करून विकणार असाल तर

सध्या आमच्याकडच्या पोट्ट्यांना एकच वेड लागलंय. यूट्यूबवर परदेशातले लोक चेंदामेंदा झालेली लॅम्बोर्गिनी लिलावात घेतात, घरच्या शेडमध्ये दुरुस्त करून उभी करतात अन् विकून मोकळे होतात, ते पाहून "भाऊ, आपण काहून नाही करत?" असं विचारून राहिले. करता येते, नाही म्हणत नाही. माझं शेड कारंजा लाडच्या बाहेर, समृद्धीच्या इंटरचेंजपासून फार लांब नाही, आणि मी दोन्ही प्रकार करून पाहिले आहेत. एकीकडे जर्मन टू-सीटर, म्हणजे दोन सीटची स्पोर्ट्स गाडी (कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही), दुसरीकडे फॉर्च्युनर, थार, बोलेरो असल्या फ्रेमवाल्या, म्हणजे खाली वेगळी चेसी अन् वर बॉडी असलेल्या गाड्या. सॅल्व्हेजची (विम्यात निघालेल्या ठोकलेल्या गाडीची) बोली कशी लागते, आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) काय राहते, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

आधी टू-सीटरच्या बाजूने बोलतो, कारण तिची बाजू वाटते तेवढी लेचीपेची नाही. दुरुस्तीचा अंदाज आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की टोटल लॉस, म्हणजे विमा कंपनी गाडी पूर्ण गेली असं धरते. हा अंदाज अधिकृत वर्कशॉपचा राहतो, नव्या पार्टच्या अन् त्यांच्या मजुरीच्या भावाने. त्यामुळे महागडी गाडी कमी मार लागूनही टोटल लॉसमध्ये जाते, दोन एलईडी लाईट, बंपर, बॉनेट, चार एअरबॅग फुटल्या की बिल आभाळाला. बोलेरो मात्र टोटल लॉस झाली म्हणजे खरंच झाली, तिला ट्रकने चेपलेलं राहते. शिवाय टू-सीटर फारशी चाललेली नसते, आणि इंजिन मधे असलेल्या गाड्यांत, म्हणजे केमन-बॉक्स्टरसारख्या, समोरून ठोक बसली तरी इंजिन सुखरूप राहते. फक्त त्यांचे रेडिएटर पुढच्या दोन्ही कोपऱ्यात राहतात, ते फुटल्यावर ड्रायव्हरने गाडी तशीच पुढे दामटली असेल तर इंजिन तापून त्याचं हेड गेलं समजा, म्हणून फोटो पाहून बोली लावू नका, जाऊन पहा.

बॉडीच्या कामात फरक आहे पण लोक त्याचा जेवढा बाऊ करतात तेवढा नाही. फ्रेमवाल्या गाडीची चेसी वाकली तर बॉडी उतरवून ओढता येते, आमच्याकडच्या डेंटरचा त्यात हात बसलेला आहे. फक्त फ्रेमच्या ज्या तुकड्यावर चेसी नंबर ठोकलेला राहतो तो कापायचा नाही, नाहीतर आरटीओत उत्तरं देत बसाल. स्पोर्ट्स गाडीत ॲल्युमिनियम बरंच राहते, त्याला वेगळी हत्यारं लागतात, लोखंडाच्या कामाचा ग्राइंडर त्यावर फिरवला तर पुढे जोडावर गंज धरते. आर्गॉन वेल्डिंगवाला नागपुरात मिळतो, पैसे घेते पण काम करून देते. तर इथपर्यंत दोन्ही गाड्या बरोबरीत, उलट थोडं माप टू-सीटरकडेच.

माझं ज्यावर ठरलं ते म्हणजे कोडिंग, म्हणजे बदललेल्या पार्टची गाडीच्या कॉम्प्युटरशी ओळख करून देणं.

जर्मन गाडीत मीटर, एसीचं पॅनल, स्क्रीन, गेटवे (या सगळ्यांना आपसात जोडणारा डबा) या सगळ्यांना आपापल्या गाडीचा चेसी नंबर पाठ राहतो. तुम्ही कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून हाफ कटमधली (पार्टसाठी अर्धी कापलेल्या गाडीतली) अस्सल स्क्रीन शोधून आणली, प्लग चपखल बसला, लाईट लागली, आपण खूश. मग मेसेज येते की कॉम्पोनंट प्रोटेक्शन चालू आहे. स्क्रीन दिसते पण आवाज नाही. पार्ट कंपनीचाच आहे, नंबर तंतोतंत तोच आहे, पण गाडी त्याला ओळख देत नाही. ही ओळख करून द्यायला कंपनीच्या सर्व्हरला जोडावं लागते आणि ते लॉगिन अधिकृत वर्कशॉपकडे. वर्कशॉप म्हणते गाडी इथे आणा, पार्टचं बिल दाखवा, बाहेरून आणलेला पार्ट आम्ही लावत नाही, आणि आधी आमची तपासणी होईल, तिचे पैसे वेगळे. त्यांचंही चूक नाही म्हणा, चोरीच्या गाडीचे पार्ट असेच फिरत राहतात, कुलूप त्यासाठीच केलेलं आहे. पण ज्याने इमानदारीने बिल देऊन आणला तोही त्याच कुलुपाबाहेर उभा राहते ना.

बरं, इथे आणा म्हणायला काय जाते. बॅटरी पूर्ण उतरलेली टू-सीटर फ्लॅटबेडवर चढवून पहा एकदा. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक लागलेला, तो बॅटरीशिवाय सुटत नाही, स्टेअरिंग लॉक, आणि नाक जमिनीपासून चार-साडेचार बोटांवर वाटावं इतकं खाली. रॅम्पचा उतार तिला चालत नाही, म्हणून पुढच्या चाकांखाली फळ्या, फळ्यांखाली पुन्हा फळ्या, मागची चाकं फिरत नाहीत म्हणून त्यांच्याखाली साबणाचं पाणी, आणि विंच इंच इंच ओढत राहते, एक माणूस बंपरखाली आडवा पडून "थांब, थांब" ओरडत राहते. मे महिन्यात, कारंज्यात, दुपारी. आजूबाजूला सेल्फीवाले. आणि हे सगळं एका स्क्रीनला आवाज यावा म्हणून! मग पुढच्या महिन्यात किल्लीसाठी, मग एअरबॅगच्या मॉड्यूलसाठी (इलेक्ट्रॉनिक डब्यासाठी), कारण ठोक बसल्याची नोंद त्यात बसलेली राहते.

ऑनलाइन करून देणारे आहेत, लॅपटॉप जोडा, ते पुण्यात नाहीतर दिल्लीत बसून कोडिंग करतात. काही खरंच हुशार आहेत. पण त्यांची पहिली अट असते की काम चालू असताना व्होल्टेज हलता कामा नये, बॅटरीला चांगला सपोर्ट चार्जर लावून ठेवा, मधेच करंट तुटला तर मॉड्यूल मेला. आता आपल्याकडे लाईन कधी जाते अन् कधी येते हे कोण सांगेल बाप्पा. मी जनरेटर लावून केलं, झालंही, पण तेवढा वेळ छातीत धडधड होती ती कोणत्या नफ्यात धरायची ते मला अजून समजलं नाही.

थार-फॉर्च्युनरमध्ये कोडिंग नाही असं नाही, नव्या गाड्यांत सगळीकडे आलंय. पण नवा मॉड्यूल अकोला-अमरावतीच्या काउंटरवर ऑर्डर करता येते, आणि स्कॅनरवाला मोटरसायकलवर शेडमध्ये येऊन करून जाते, चहा पिऊन. हा फरक कागदावर दिसत नाही, माझ्यासाठी मात्र सगळा फरक तिथेच पडला. तुमचं शेड नागपूर-पुण्यात असेल, वर्कशॉपमध्ये कोणी ओळखीचा असेल, तर कदाचित तुम्हाला हे एवढं जाणवणारही नाही.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखी, एअरबॅग. फुटलेल्या बॅगच्या जागी रेझिस्टर लावून, म्हणजे बॅग जागेवर आहे असं गाडीला भासवून, मीटरमधली एअरबॅगची लाईट विझवणारे महाभाग आहेत. तसं करून विकायची असेल तर पुढचं वाचूच नका.

आता टॅक्स, याचा हिशोब बरेच जण चुकवतात. जानेवारी २०२५ पासून जीएसटी नोंदणीवाल्याने जुनी गाडी विकली की मार्जिनवर १८ टक्के. मार्जिन म्हणजे विक्री वजा खरेदी, पार्टचा खर्च त्यात वजा होत नाही, आणि पार्टवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिटही मार्जिन स्कीममध्ये घेता येत नाही. समजा गाडी १० लाखाला घेतली, ८ लाख घातले, टॅक्स धरून २० ला विकली. तुम्ही म्हणता २ लाख सुटले, पण टॅक्स १० लाखाच्या फरकावर बसते, म्हणजे दीड लाखाच्या आसपास तिकडेच. जिथे पार्ट महाग तिथे हा मार जास्त, आणि टू-सीटरचे पार्ट कसे राहतात ते तर तुम्हाला माहीतच आहे. सीएला एकदा विचारून घ्या, तुमचं खातं कसं आहे त्यावर थोडं इकडेतिकडे होऊ शकते.

कागदाचं थोडक्यात सांगतो. विदाउट आरसी (नोंदणीच्या कागदाविना) माल फक्त पार्टसाठी, त्यावर दुसऱ्याची आरसी चढवायचा विचारही करू नका. आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरलेला पहा. बाहेरच्या राज्याची गाडी असली तर एनओसी आणि महाराष्ट्राचा कर खर्चात आधीच धरा, स्पोर्ट्स गाड्या बहुतेक बाहेरूनच येतात.

आणि गिऱ्हाईक. टू-सीटर पाहायला पूर्ण तालुका येते, घ्यायला कोणी नाही. घेणारा मुंबई-पुण्याचा, तो व्हिडिओ कॉलवर दार दहादा उघडायला लावते, मग माणूस पाठवून पेंटची जाडी मोजून घेते, एका पॅनलचा आकडा जास्त आला की भावातून लाख कापते, आणि अपघाताची आहे हे आपण आधीच सांगितलेलं राहते तरी. फॉर्च्युनरवाला आपला मिस्त्री घेऊन येते, बॉनेट उघडून ॲप्रन (इंजिनच्या बाजूचा आतला पत्रा) पाहते, खाली वाकून चेसी पाहते, शेताच्या रस्त्याने एक चक्कर मारते. "ठोकेल होती ना?" "हो, समोरून. हे पहा फोटो." "मंग इंजन?" "इंजनाले हात नाही लागला." घासाघीस होते, पण संध्याकाळपर्यंत हो का नाही ते कळते.

एका सौद्यात टू-सीटर जास्त देते हे मान्य आहे, माझीही नफ्यातच गेली. फक्त ती उभी होती तेवढ्या काळात शेजारच्या जागेतून फ्रेमवाल्या गाड्या येत-जात राहिल्या. ज्याच्याकडे पैसा अडकवून ठेवायची ताकद आहे त्याने जरूर करून पहावं, शौक म्हणून तर मजा आहेच.

फ्रेमवाली घेणार असाल तर पावसाळ्यात घ्या, तेव्हा बोली लावणारे कमी राहतात असा माझा अनुभव. चेसीचं काम आधी उरकून घ्या, रंग मात्र पाऊस उघडल्यावरच. दिवाळीनंतर सोयाबीन-कापसाचा पैसा हातात येते, मृग बहाराचा संत्रा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, तोपर्यंत पांढरी फॉर्च्युनर शेडबाहेर दिसली पाहिजे. पांढरीच करा, काळी आमच्याकडे जास्त दिवस उभी राहते.