हक्क माणसाला द्यायचे की कामाला?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्याचं ऑफिस बघा. सात-आठ जण कॉम्प्युटरवर बसतात आणि पासवर्ड सगळ्यांचा एकच, तोही बहुतेक वेळा मालकाचा. नवं सॉफ्टवेअर घेताना आधी हे मोडायचं आणि त्यात कुणाला काय बघता-बदलता येईल, म्हणजे हक्क, ते ठरवायचे. हे हक्क देण्याच्या रीती दोन.

माणसाला थेट हक्क देणं झटपट होतं. तीन-चार जणांच्या दुकानात तेवढं पुरतंही. पण गोडाऊनचा पोरगा डिस्पॅचला गेला की नवे हक्क लगेच मिळतात, जुने काढायला कुणी बसत नाही. अशा दोन बदल्या झाल्या की चलन बनवणाऱ्याला पगारपत्रक दिसू लागतं.

दुसरी रीत रोलची, म्हणजे एकेका कामाला लागणाऱ्या हक्कांच्या गठ्ठ्याची. सूत खरेदी, गोडाऊन, बिलिंग, हिशेब असे रोल आधी बांधायचे, माणूस मागाहून त्यात बसवायचा. अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेतल्या (एनआयएसटी) फेरायोलो आणि कून यांनी १९९२ मध्ये ही मांडणी केली. २००४ मध्ये तिचं तिथं मानक झालं. त्या मानकातली माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे एकमेकांना छेद देणारे दोन रोल एकाच माणसाकडे न ठेवण्याची सोय. सूतवाल्या पार्टीचा बँक खाते नंबर जो बदलू शकतो, त्यालाच पेमेंट सोडता येत असेल, तर बाकीचे रोल कितीही नेटके बांधा, पैसे जायची वाट उघडीच आहे. डेमो बघायला जाल तेव्हा असे दोन रोल एकाच माणसाला देणं सॉफ्टवेअर कसं अडवतं, हेच करून दाखवायला सांगा.

आता कुणाला कुठल्या रोलमध्ये बसवायचं ते. मायक्रोसॉफ्टच्या एंट्रा आयडीत, म्हणजे लॉगिन आणि हक्क सांभाळणाऱ्या सेवेत, एका रोलच्या माणसांचा गट करतात. त्या गटात माणसं हातानं घालता येतात, किंवा 'विभाग खरेदी असेल तर गटात घे' असा नियम लावता येतो. नियमाच्या गटात मग हातानं कुणाला घालता-काढता येत नाही आणि त्यासाठी वरच्या पातळीचं लायसन्स लागतं. माणसं शे-दोनशे असतील आणि एचआरची नोंद चोख असेल, तरच त्याच्या वाट्याला जावं. नोंदीत विभागच चुकीचा असेल तर हक्कही चुकीचेच मिळणार! पंधरा-वीस जणांना हाताचे गट बरे.

बाहेरच्या सीएला पाहुण्याचं (गेस्ट) लॉगिन द्या: फक्त बघण्याचा हक्क, तोही ऑडिट संपेपर्यंत.

फर्म प्रायव्हेट लिमिटेड असेल तर आणखी एक. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं बंधनकारक आहे. सगळेच मालकाच्या नावानं आत जात असतील तर त्या नोंदीत प्रत्येक खाडाखोड मालकाचीच दिसेल. म्हणून मालकानंही रोजच्या कामाला साधं लॉगिन वापरावं. पूर्ण हक्काची लॉगिन दोन असावीत, म्हणजे एक अडकलं तरी दुसऱ्यानं आत जाता येतं, आणि दुसरं भागीदाराकडे द्यावं, मुनीमाकडे नव्हे.